निवडणाऱ्याचा न्याय

चित्रकारानेंच इतर चित्रकारांच्या कृति निवडून प्रदर्शन मांडावें, हें न्याय्य काय? वरवर पाहतां प्रश्न केवळ कलेच्या व्यवहारांतला वाटतो. परंतु त्याच्या मुळाशीं नीतीचा एक जुना पेंच आहे. जो स्वतः स्पर्धेंत उतरला आहे त्यानें न्यायासनावर बसावें कीं नाहीं, हा तो पेंच होय.

स्नेह्याविषयीं पक्षपात, प्रतिस्पर्ध्याविषयीं असूया आणि आपल्या संप्रदायाचा अभिमान, हे तिन्ही दोष अशा निवडीस चिकटण्याचा संभव आहे, हें कोण नाकारील? मग निवडच नको, असा सरळ उपाय सुचतो. तो करून पाहण्यांत आलेला आहे. १९१७ सालीं न्यूयॉर्क येथें कलावंतांच्या एका स्वतंत्र मंडळानें प्रदर्शन भरविलें. परीक्षक नाहींत, पारितोषिकें नाहींत. सहा डॉलर भरणाऱ्याची कृति मांडली जाईल, असा नियम होता. मांडणीसमितीचे प्रमुख मार्सेल द्यूशां हे फ्रेंच कलावंत होते. त्यांच्या सूचनेवरून कृति कर्त्यांच्या नांवांच्या वर्णानुक्रमानें लावण्यांत आल्या, आणि आरंभ कोणत्या अक्षरापासून करावा हेंही चिठ्ठी काढून ठरलें. याहून अधिक निःपक्षपात तो कोणता?

तथापि याच प्रदर्शनाकडे, मुतारींत बसवितात तसलें चिनी मातीचें एक भांडें, ‘आर. मट’ अशी सही करून, ‘फाउंटन’ या नांवानें आलें. नियम स्पष्ट होता. तरी चालकांनीं बहुमतानें तें मांडूं दिलें नाहीं, आणि द्यूशांनीं राजीनामा दिला. तें पाठविण्यामागें तेच होते, असें आज बहुतेक अभ्यासक मानतात. तें भांडें कला होय कीं नव्हे, हा वाद आम्ही येथें उकरीत नाहीं. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें इतकेंच कीं, ज्या परीक्षकास पुढच्या दारानें निरोप दिला होता तोच मागच्या दारानें परत आला. निवड टळली नव्हती. ती फक्त लपली होती.

जी टाळतां येत नाहीं ती उघड करावी, हें बरें. केरळांत कोची येथें बोस कृष्णम्माचारी व रियास कोमू या दोन कलावंतांनीं २०१२ सालीं सुरू केलेल्या द्वैवार्षिक प्रदर्शनांत निवडीचें काम कलावंताकडेच सोंपविण्याचा प्रघात पडला आहे. २०१६ सालीं मुंबईचे सुदर्शन शेट्टी हे संयोजक होते. त्यांनीं चित्रकार-शिल्पकारांबरोबर कवींनाही बोलाविलें. चिलीचे कवि राउल झुरिता यांनीं एका जुन्या व्यापारी वास्तूच्या दालनांत समुद्राचें पाणी भरलें. भिंतींवरील शब्द वाचावयाचे तर त्या पाण्यांतूनच चालत जावें लागे. सीरियांतून निघून १९१५ नव्हे, तर अगदीं आपल्या काळांत, २०१५ सालीं, समुद्रांत बुडालेल्या एका बालकास ती कृति अर्पण केलेली होती.

कवीला अशा प्रदर्शनांत स्थान द्यावें, हें कोणता वर्णानुक्रम सांगणार होता? दुसऱ्याच्या हातीं आपल्याहून वेगळें कांहीं आहे, हें ओळखणारें मनच तें सांगूं शकतें. आणि असें मन बहुधा स्वतः निर्मितीचे कष्ट सोसलेल्या माणसाचें असतें. शिवाय त्या निवडीखालीं निवडणाऱ्याचें नांव होतें. ती चुकली असती, तर जाब कोणास विचारावा हें शोधावें लागलें नसतें.

म्हणून कलावंत-न्यायाधीशापाशीं आम्ही दोनच गोष्टी मागतों. मित्राची कृति निवडतांना आपण मनाशीं जें कारण देतों तें परक्यासमोर मोठ्यानें उच्चारतां येईल काय, हें त्यानें स्वतःस विचारावें. न येईल तर हात आवरावा. आणि पंगतींत वाढणारा सर्वांच्या मागून जेवतो, ही आपल्या घरांतील रीत त्यानें विसरूं नये.