मातृभाषेचा रकाना

आमची नात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकते. मध्यंतरी तिचा एक अर्ज आमच्या दृष्टीस पडला. त्यात मातृभाषेच्या रकान्यात तिने 'गुजराती' असे लिहिले होते. मन खट्टू झाले. चार पिढ्या घरात जपलेल्या मराठीचा शेवट असा व्हावा? आम्ही तिला बोललोही. ती शांतपणे म्हणाली, "आजोबा, आईची भाषा तीच ना?" आमची सून गुजराती आहे.

आम्हांस उत्तर सुचले नाही. २०११ च्या जनगणनेच्या वेळी आम्हीच प्रगणकांना समजावीत असू, की बालपणी आई ज्या भाषेत मुलाशी बोलली ती त्याची मातृभाषा. येणाऱ्या अन्य दोन भाषा पुढे वेगळ्या नोंदवाव्यात. परक्यांच्या घरी निःशंकपणे लावलेला नियम स्वतःच्या घरी लागू होताच आम्हांस अन्याय वाटू लागला.

अनेक संस्कृतींत वाढलेल्या तरुणांकडे 'तू नेमका कोणाचा?' या प्रश्नाचे एकच उत्तर मागण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांना आहे काय? नात आजीशी मराठीत बोलते, आईशी गुजरातीत. वर्गात इंग्रजी, परप्रांतीय मैत्रिणींत हिंदी. नवरात्रातला गरबा आणि गणपतीची आरती, दोन्ही तिला आपली वाटतात. यात दुटप्पीपणा नाही.

बडोद्याला हे नवीनही नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेले सयाजीराव १८७५ मध्ये दत्तक येऊन या राज्याच्या गादीवर बसले. प्रजा बहुतांशी गुजराती. त्यांच्याच काळात, १९३१ मध्ये, निघालेल्या 'श्रीसयाजी शासनशब्दकल्पतरु' या कोशात राज्यकारभारातील शब्दांना गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू आदी भाषांतील पर्याय शेजारी शेजारी दिलेले आहेत. एका रकान्याने दुसऱ्याची जागा हिरावलेली नाही.

तथापि रकाने वाढले म्हणजे ते भरले असे होत नाही. चार भाषांत कामापुरते बोलणारा, पण एकीतही आपले दुःख सांगू न शकणारा तरुण सर्वत्र पाहुणाच राहतो. खरी काळजी हवी ती याची. भाषा आपली म्हणणे हा हक्क सोपा आहे. तिच्यासाठी वेळ देणे हे कर्तव्य कठीण आहे.

आणि येथे आमचाच हिशेब चुकतो. नातीने मराठी म्हणवून घ्यावे असा आग्रह धरणाऱ्या आम्ही तिच्यासमोर ज्ञानेश्वरी किती वेळा उघडली? वारसा दिलाच नाही, तर त्याची पोच कशी मागावी? दुसरी बाजूही तशीच. नोकरीभर गुजरातीत टिपणे लिहिली, परंतु याच शहराच्या प्रेमानंद कवीचे एक आख्यानही आम्ही वाचले नव्हते.

आता रविवारी आम्ही दोघे बसतो. ती आमच्यासोबत मराठी वाचते आणि आम्ही तिच्यासोबत प्रेमानंद. तिच्या अर्जात आम्ही खाडाखोड करावयास लावली नाही. 'इतर भाषा' या रकान्यात तिने आपणहून 'मराठी' लिहिले आहे. तो शब्द खरा ठरविण्याचे काम आता तिच्याइतकेच आमचेही आहे.