मुळात जोडलं गेलं होतं का?

आजचे वाचन: मत्तय 19:3-9

परुशी घटस्फोटाबद्दल विचारतात, तेव्हा प्रभू येशू त्यांना मोशेच्या नियमाच्याही मागे, थेट निर्मितीच्या आरंभाकडे नेतो.

रविवारी मिस्सा झाल्यावर पनवेलला चर्चबाहेर एक मैत्रीण म्हणाली, "अ‍ॅनलमेंटसाठी अर्ज केलाय." मी पटकन बोलून गेलो, "म्हणजे चर्चचा घटस्फोटच ना?" ती गप्प झाली.

चुकलंच माझं. घटस्फोट झालेलं लग्न मोडतो. चर्चचं ट्रिब्युनल मात्र आरंभाकडे जातं: वचन दिलं त्या दिवशी दोघांची संमती खरी आणि मोकळी होती का? घरच्यांचा दबाव होता का? मूल नकोच, असं कुणी आधीच ठरवलं होतं का? 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या निकालाची सक्ती काढली, पण प्रश्न तोच ठेवला. आपल्याकडे चर्चचा निकाल कायद्याला पुरत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1996 मध्येच सांगितलंय. त्यामुळे तिला कोर्टाची पायरीही चढावी लागणार.

मग तिची सहा वर्षं खोटी होती? नाही. चर्च वैवाहिक बंधनाबद्दल बोलतं. तिने केलेली माया, काढलेल्या खस्ता पुसत नाही. मुलंही अनौरस ठरत नाहीत.

ट्रिब्युनल दोन्ही बाजू ऐकतं. मी एक वाक्य ऐकून निकाल दिला. आज तिला फोन करणार आहे, फक्त ऐकायला. तुम्हाला कुणाला करायचाय?

प्रार्थना: हे प्रभो, सत्य शोधणाऱ्यांना धीर दे, आणि आमच्या जिभेला थांबायला शिकव. आमेन.