रांगेतला शेजारी



2011 च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या सुमारे 3 लाख 83 हजार भरली. पण शिकवणीसाठी येऊन भाड्याच्या खोल्यांत राहणारी मुले दरवर्षी बदलतात. ती कोणाची?

2016 च्या दुष्काळात इथे पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. पुढे मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वेळी मनात येतेच, आधी आपल्या गल्लीतले, मग बाहेरचे. घरपट्टी भरणाऱ्याचा हक्क खराच. पण तहान रहिवासी दाखला पाहून लागत नाही. जनगणना माणसे मोजते. शेजारी कोणाला म्हणायचे, हे आपणच ठरवतो.

यंदा टँकर आला, तर घागर कोणाची, हे विचारण्याआधी ती किती रिकामी आहे, ते पाहू या.