एकमत आणि मौन

जे लोक एकत्र राहतात व एकाच थैलींतून खर्च करितात, त्यांनीं आपला निर्णय कसा करावा? वडिलानें आज्ञा करावी, हात वर करून मोजणी करावी, कीं सर्वांचें एकमत होईपर्यंत थांबावें? हा प्रश्न केवळ आश्रमवासीयांचा आहे असें कोणी समजूं नये. खानदेशांतील आपल्या लहान मंडळ्यांत, जेथें दहा-पंधरा घरें एकाच विहिरीचें पाणी पितात व एकाच मंदिरांत गुडघे टेकतात, तेथेंही तो वरचेवर उभा राहतो. उपदेशकाच्या घराचीं कौलें आधीं बदलावीं कीं विहिरीचा गाळ आधीं काढावा? पंच कोणास नेमावें?

देवपूरच्या वाचकांस धुळ्याचा तुरुंग ठाऊक आहे. तेथें १९३२ सालीं विनोबा भावे कैदेंत असतां दर रविवारीं गीतेवर प्रवचनें करीत, व साने गुरुजी तीं लिहून घेत. त्याच विनोबांनीं पुढें १९५९ सालीं वर्ध्याजवळ पवनार येथें, धाम नदीच्या कांठीं, ब्रह्मविद्या मंदिर स्थापिलें. भगिनींनीं एकत्र राहावें, शेतांत व छापखान्यांत स्वतः श्रम करावे, आणि जें ठरवावयाचें तें सर्वानुमतीनें ठरवावें, अशी तेथील रीति. एखादीची संमति नसेल तर तो विषय पुढें ढकलावयाचा. तो आश्रम ख्रिस्ती नव्हे. तथापि त्याजपासून आपण कांहीं शिकूं नये असें कोठें लिहिलें आहे? मोजणींत अकरा जण दहांस हरवितात, आणि ते दहा दुसऱ्या दिवशीं त्याच विहिरीवर भेटावयाचे असतात. थांबण्यांत वेळ जातो हें खरें. पण हरलेल्यांच्या रुसव्यांत त्याहून पुष्कळ अधिक जातो.

परंतु सर्वानुमतीलाही एक कीड लागते, आणि ती आंतून लागत असल्यामुळें लौकर दिसत नाहीं. आखाजीला ज्याचें साल ठरावयाचें आहे असा सालदार, आपला मालक पंच म्हणून समोर बसला असतां, त्याच्या विरुद्ध बोलेल काय? तो मुकाट्यानें मान हालवितो. पगारावर पोट असलेल्या उपदेशकाची गोष्ट फारशी निराळी नाहीं. चटईच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्या बायांना तर कोणी विचारीतच नाहीं. आणि वहींत मात्र "सर्वानुमतें" असें लिहिलें जातें. माझ्या मतें असा ठराव बहुमताच्या ठरावाहून वाईट. बहुमतांत विरोध निदान मोजला जातो. येथें तो गिळावा लागतो.

यरुशलेमेंतील पहिल्या मंडळीकडे पाहावें. तिचें सर्व कांहीं समाईक होतें. तरीही पेत्रानें हनन्याला बजावलें कीं, जमीन विकण्यापूर्वीं ती तुझीच होती व विकल्यावर पैसाही तुझ्याच स्वाधीन होता. त्याचा अपराध लबाडीचा होता, न देण्याचा नव्हे. म्हणजे त्या मंडळींत "मी देत नाहीं" असें म्हणण्याची मोकळीक होती, आणि ती होती म्हणूनच बर्णबानें शेत विकून दिलेल्या पैशाला दान हें नांव शोभतें. पुढें ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वांटणींत हेळसांड होऊं लागली व कुरकुर उठली. कुरकुर करणें पाप आहे, असें सांगून प्रेषितांनीं कोणाचें तोंड बंद केलें नाहीं. त्यांनीं सर्व शिष्यांस जमवून सात जण निवडावयास सांगितलें. निवडलेल्या सातांचीं नांवें वाचून पाहा, तीं सर्व ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हातीं वांटणी सोंपविली गेली, असें यावरून दिसतें.

सुंतेच्या प्रश्नावर तीच मंडळी जमली तेव्हां प्रथम पुष्कळ वाद झाला, आणि हें पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटलें, हे शब्द शेवटीं पत्रांत आले. आमच्यांतील कित्येक ते सभेच्या आरंभींच उच्चारतात. मग पुढें बोलणार कोण?

म्हणून पंचानें आपलें मत सर्वांच्या शेवटीं सांगावें, आणि सालदाराला त्याचा मालक जवळ नसतां, त्याच्या घरीं जाऊन विचारावें. कोणी म्हणेल, अशानें एक हट्टी मनुष्य सर्वांना अडवून धरील. धरील खरा. तेव्हां ह्या ठरावानें त्याची भाकर जाते, कीं केवळ त्याचा मान जातो, हें पाहावें. मानासाठीं अडणाऱ्याची समजूत घालावी, पण गाडी थांबवूं नये. आणि जेथें उपाशी विधवेचा प्रश्न असेल तेथें एकमताची वाट पाहणें हाच अन्याय, कारण थांबण्यानें पोटभरल्याचें कांहींच जात नाहीं.

कधीं कधीं तर एकमत होतच नाहीं. सुंतेचा निर्णय झाल्यावर थोड्याच दिवसांनीं, मार्काला बरोबर न्यावें कीं नाहीं यावरून पौल व बर्णबा यांचा कडाक्याचा वाद झाला आणि ते एकमेकांपासून वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. पौलानें सीलाला घेऊन सुरियाची वाट धरली. कोणाचें खरें होतें हें लूक सांगत नाहीं. पुढें पौलानें बंदिवासांतून तीमथ्याला दुसरें पत्र लिहिलें, तेव्हां येतांना मार्काला बरोबर घेऊन ये असें त्यांत कळविलें.