ए-बी-सी-डीची मांडणी मोड

चि. मृणाल,


नोकरीच्या पहिल्याच महिन्यात लॅबमधलं रसायनांचं कपाट आवरलंस, सगळ्या बाटल्या ए-बी-सी-डीप्रमाणे लावल्यास आणि सरांनी शाबासकी दिली, हे वाचलं. शाबासकी ठेव. मांडणी मात्र मोड.

कुठली रसायनं एकमेकांशी कशी वागतात, हे आद्याक्षरांना ठाऊक नसतं. ‘ए’च्या फळीवर ऍसिटोनजवळच अमोनियम नायट्रेट आलं असेल. एक चटकन पेटणारं, दुसरं आगीला ऑक्सिजन पुरवणारं. ‘एस’वर तर सोडियम आणि सल्फ्युरिक ऍसिड! बैरुत बंदरातल्या गोदामात 2,750 टन अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं पडून होतं आणि तिथेच फटाकेही ठेवले होते. 4 ऑगस्ट 2020 रोजी आग लागली, स्फोट झाला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. तुझ्या कपाटात अर्धा किलो असेल, पण चूक त्याच जातीची.

मग सगळी ऍसिडं एका फळीवर लाव, असं कुणीतरी सुचवेल. तेही पुरतं बरोबर नाही. ग्लेशियल ऍसिटिक नावाला ऍसिड, पण साधारण 39 अंशांना त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते, आणि जळगावचा मे महिना काय असतो ते तुला मी सांगायला नको. नायट्रिक मात्र दुसऱ्याला पेटवणारं. त्याला स्वतंत्र खोलगट ट्रे दे. बाटली तडकली तरी गळलेलं ट्रेमध्येच राहतं.

खरं सांगू? मला कपाटापेक्षा बेसिनखालच्या ‘वेस्ट’ लिहिलेल्या बाटलीची जास्त भीती वाटते. कपाटाकडे निदान तपासणीपुरतं तरी कुणी बघतं. बाटलीत सकाळच्या बॅचचं अल्कोहोल असतं, दुपारची मुलं त्यातच नायट्रिक ओततात आणि बूच गच्च लावतात. तेव्हा काहीच झालेलं दिसत नाही. आत वायू साचत राहतो, आणि बाटली फुटते ती सगळे घरी गेल्यावर, नाहीतर शिपाई ती उचलायला वाकतो तेव्हा. म्हणून ऍसिडांची बाटली वेगळी, सेंद्रिय द्रावकांची वेगळी, आणि आत काय काय ओतलं ते प्रत्येकीवर तारखेसह लिहिलेलं. नुसतं ‘वेस्ट’ म्हणजे लेबल नव्हे.

टॉलेन्स चाचणीचं उरलेलं द्रावण उद्याच्या बॅचसाठी ठेवायचा मोह होईल, कारण त्यातलं सिल्व्हर नायट्रेट महाग. ठेवू नकोस. ते नुसतं राहिलं तरी त्यात चांदीचं स्फोटक संयुग तयार होतं. त्याच दिवशी विरल नायट्रिक घालून ते निकामी करायचं.

सरांना हे पत्र दाखवलंस तरी चालेल. पुरवठादाराकडून प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक मागव, कशाजवळ काय ठेवू नये ते त्यात लिहिलेलं असतं. पण त्यासाठी थांबू नकोस. सोमवारी गेल्या गेल्या सोडियमची बाटली ‘एस’च्या फळीवरून हलव, आणि आतलं केरोसीन उतरलं असेल तर तुकडे पूर्ण बुडतील इतकं भर.

तुझा,
मामा