वेडी बाभूळ आणि आजींची चूल



पावसाळा सरता सरता आपल्या धर्मग्रामातील काही युवक-युवती सलग चार रविवार मिस्सानंतर गायरानात जाऊन वेडी बाभूळ काढत होती. गावातील इतर धर्मांची मुलेही त्यांच्याबरोबर होती. ग्रामपंचायतीला विचारले होते, कुदळी-पहारी घरच्याच होत्या. आम्हीही एक दिवस गेलो आणि तळहातात दोन काटे घेऊन परतलो. काट्यांचे दुखणे दोन दिवसांत थांबले. तिथे एका आजींनी विचारलेला प्रश्न मात्र मनातून गेलेला नाही, म्हणून आज तो आपल्यापुढे ठेवतो आहोत.

आजी मोळी बांधायला आल्या होत्या. उपटलेल्या झुडपांचा ढीग बघून म्हणाल्या, "फादर, समदी काढल्यावर आम्ही चुलीत काय घालायचं?" घरी गॅस आहे, हेही त्यांनीच सांगितले. पण टाकी भरायला पैसे लागतात, बाभळीला लागत नाहीत. आमच्यातला एक मुलगा पटकन बोलून गेला, "आजी, हे झाड आपलं नाही, परदेशी आहे." आजी म्हणाल्या, "मी लगीन होऊन आले तवापासून हितंच हाय की!"

मुलाची माहिती खरी आहे. हे झाड मूळचे मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेच्या बाजूचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते भारतात आणले गेले. जोधपूर संस्थानाने तर १९४० साली त्याला राजवृक्षाचा मान दिला होता! दुष्काळी मुलखात हिरवे काहीतरी दिसावे, गरिबाला जळण मिळावे, हाच त्यामागचा हेतू. म्हणजे झाड आपणहून घुसले नाही, चांगल्या मनाच्या माणसांनीच ते लावले.

पण 'परदेशी' हा काही आरोप होऊ शकत नाही. आपल्या ठेच्यातली मिरची, उपवासाचा बटाटा, बांधावरचा पेरू, सारे अमेरिका खंडातून आलेले. ज्या ज्वारीच्या भाकरीला आपण अस्सल गावरान म्हणतो, तीही हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. काँग्रेस गवत अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून आले, असे आपल्याकडे ठामपणे सांगतात. पण पुण्यात ते १९५५च्या सुमारासच दिसले होते आणि त्या गव्हाचा करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. दोष द्यायला बाहेरचा कोणी सापडला की आपण तारखा बघत नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांनी तर हा शब्द फारच जपून वापरावा. 'तुम्ही बाहेरचे' हे आपल्यापैकी कित्येकांनी शाळेत, बाजारात कधी ना कधी ऐकलेले आहे.

मग आरोप कोणता? झाड कुठून आले यापेक्षा आल्यावर ते शेजाऱ्याशी कसे वागते, हे बघावे लागते. शिरूर-दौंडचा आपला भाग पर्जन्यछायेतला. इथले खरे रान म्हणजे माळरान: पवन्या, मारवेल, कुसळी यांचे गवत आणि मधूनमधून हिवर, बोर, खैर, बाभूळ. सरकारी कागदांत अशा जमिनीला अनेकदा 'पडीक' म्हटले जाते, पण चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक यांचे घर तेच आहे. दौंडच्या दक्षिणेला बारामती तालुक्यात सुपे येथे १९९७ साली जाहीर झालेले मयूरेश्वर अभयारण्य अवघे सव्वापाच चौरस किलोमीटरच्या आतले, पण चिंकारा पाहायचा तर लोक तिथेच जातात. वेडी बाभूळ अशा माळावर शिरली की तिच्या दाट सावलीखाली गवत उरत नाही. शेळ्या तिचा पाला सहसा खात नाहीत, शेंगा मात्र आवडीने खातात, आणि लेंड्यांतून बी सगळ्या माळावर जाते. वरून तोडली तर बुंध्यातून चार फांद्या फुटतात. मुळासकट खणली तरच जाते, आणि तेही जमीन ओली असताना.

जिवंत झाड उपटणे मुळातच चूक नाही का, असे एका मुलीने विचारले. हा प्रश्न जुना आहे. संत ऑगस्टीन तरुणपणी सुमारे नऊ वर्षे मॅनिकी पंथात होते. अंजीर तोडले की झाड रडते, असे त्या पंथाचे लोक मानत. पुढे ऑगस्टीन यांनी स्पष्ट लिहिले की खून न करण्याची आज्ञा झुडपांना लागू होत नाही. सेमिनरीत हे शिकताना आम्हाला हसू आले होते. गायरानात ती मुलगी झाडापुढे पहार धरून थांबली होती, तेव्हा मात्र हसू आले नाही. आज्ञा लागू नाही म्हणून काहीही करावे, असे ऑगस्टीन यांनीही म्हटलेले नाही.

दुसऱ्याने शुभवर्तमानातील निदणाच्या दाखल्याची आठवण काढली. तिथे धनी नोकरांना निदण उपटू देत नाही. मग आपण का उपटतो? प्रभूने त्या दाखल्याचा अर्थ स्वतःच सांगितला आहे. ते शेत म्हणजे जग, आणि निदण म्हणजे माणसे. तेव्हा तो शेतीचा धडा नाही, माणसांना उपटून फेकू पाहणाऱ्यांना केलेली मनाई आहे. झुडपाबद्दल वापरायची भाषा शेजाऱ्याबद्दल वापरायची नाही, एवढे त्यातून निश्चित कळते. तरीही धन्याने दिलेले कारण आमच्या कामालाही लागू पडले. निदणाबरोबर गहूही उपटला जाईल, अशी त्याला भीती होती. पहिल्या रविवारी आमच्या मुलांनी उत्साहात साध्या बाभळीची आणि हिवराची काही रोपेसुद्धा उपटली होती. लहानपणी ती सगळी सारखीच दिसतात. एका मेंढपाळ दादांनी ओरडून थांबवले, नाहीतर चांगलेच नुकसान झाले असते.

घाईचे असेच मोठे उदाहरण तमिळनाडूचे. २०१७च्या आरंभी तिथे मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने हीच झाडे काढण्याचे आदेश दिले. एप्रिलमध्ये चेन्नईत परिणामांचा अभ्यास होईपर्यंत त्या कामाला स्थगिती मिळाली. उलट केनियात बारिंगो भागातील पशुपालक २००६ साली हे झाड लावल्याबद्दल सरकारविरुद्धच न्यायालयात गेले आणि शेंगा खाऊन दात गेलेली शेळी त्यांनी पुराव्यादाखल हजर केली. एकाला ते झाड नको, दुसऱ्याची चूल त्यावर. आपल्याकडे कोकणातून येणारी कातकरी कुटुंबे या बाभळीच्या कोळशाच्या भट्ट्यांवर उचल घेऊन राबतात. झाड गेले तर त्यांचे काय, आणि झाड राहिले तरी त्यांचे काय, हा विचार आमच्या मोहिमेत कोणी केला नव्हता. आम्हीही नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या 'लाऊदातो सी' या परिपत्रात पृथ्वीचे आणि गरिबाचे दुःख वेगळे करू नका, असे शिकवले. ते आम्ही प्रवचनात सांगितले होते, पण आजी समोर उभ्या राहिल्यावर त्याचा अर्थ कळला.

अमरावती जिल्ह्यातील पायविहीर गावाची गोष्ट इथे आठवते. २०१२ साली त्या गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १९० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. लोकांनी घाणेरीसारखी झुडपे काढली, झाडे लावली, राखण केली, आणि त्याच जंगलातील सीताफळे विकून कमाई केली. २०१४ साली त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. (सीताफळही मूळचे अमेरिकेचेच, हे त्या मुलाला मुद्दाम सांगितले.) तिथे काढणारे, राखणारे आणि खाणारे एकच लोक होते. आम्ही मात्र चार रविवार जाऊन फोटो काढून परत येणारे होतो.

म्हणून युवकांबरोबर बसून थोडे बदलले आहे. वस्तीलगतचा पट्टा तूर्त तसाच ठेवायचा. काढलेले लाकूड पेटवून न देता जळणासाठी वस्तीवर द्यायचे. साफ झालेल्या जागेत पुढची तीन वर्षे पावसाळ्यात जाऊन नवे फुटवे आणि रोपे काढायची. गवताचे बी तेवढ्यात धरले तर बरे, नाहीतर रिकाम्या जागेत काँग्रेस गवत येऊन बसेल. तीन वर्षे म्हटल्यावर नावनोंदणीच्या वहीतली नावे एकतीसवरून अकरावर आली, हेही सांगून टाकतो.

आजींना हे कळवायला गेलो, तर त्यांनी वेगळेच सांगितले. ओढ्याच्या वळणावर पूर्वी पाच हिवर होते, त्यांच्या सावलीला त्या सासूबरोबर दुपारची भाकर खायच्या. जागा त्यांना नक्की माहीत आहे. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर त्या दाखवायला येणार आहेत. ओढ्यापर्यंत त्यांना चालवत नाही, तेव्हा ज्यांच्याकडे गाडी असेल त्यांनी थांबावे.