वारसा बंदुकीचा की संयमाचा?

पूर्वजांकडून आपल्याला जे मिळते, ते सगळेच पुढे न्यायचे असते का? प्रश्न साधा वाटतो. पण घरात आजोबांची बंदूक असेल, तर तो अवघड होतो.

नोकरीच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे आज चेन्नईत, पेरुंगुडीसारख्या भागात राहतात. त्यांपैकी एखाद्या कुटुंबाचे मूळ घर कोल्हापूरकडे आहे असे समजा. वाड्याच्या वाटण्या होतात. भांडी, दागिने, कागदपत्रे यांची विभागणी होते. शेवटी उरते ती आजोबांची शिकारीची रायफल आणि दिवाणखान्यातली काळविटाची शिंगे. देऊन टाकावी तर आजोबांना विसरल्यासारखे वाटते. ठेवावी तर ती कशासाठी, हे मुलांना सांगता येत नाही.

कायद्याने यातला काही भाग सोपा केला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला सर्वोच्च संरक्षण दिले. मालकीचे प्रमाणपत्र असलेली शिंगे वारशाने मिळू शकतात, पण विकता येत नाहीत. २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका परवानाधारकाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येणार नाहीत असे ठरले. वारसाने आलेल्या बंदुकाही त्यात मोजल्या जातात. मात्र आजोबांच्या त्या छंदाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, याचे उत्तर कायद्यात सापडत नाही. ते आपले आपल्यालाच शोधावे लागते.

आजोबांना समजून घेताना

प्रथम त्यांच्या बाजूने विचार करू. कोल्हापूर संस्थानात शिकवलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे आणि ती पाहणे हा पाहुण्यांचा मान समजला जाई. राजघराण्यात शिकार हा शौर्याचा भाग होता, तर गावात रानडुकरांपासून पीक राखणे ही गरज होती. आपल्या आजोबांनी त्या काळाच्या समजुतीनुसार आयुष्य काढले. त्यांना आजच्या कायद्याच्या पिंजऱ्यात उभे करणे हा न्याय नव्हे.

पण समजून घेणे वेगळे आणि तेच पुढे चालवणे वेगळे. कोल्हापूरनेच याचे उदाहरण घालून दिले आहे. राधानगरी-दाजीपूरचे जंगल एकेकाळी संस्थानाचे शिकारीचे राखीव रान होते. १९५८ मध्ये तेच गव्यांसाठी अभयारण्य झाले. तिथे इतके जंगल टिकले, त्याला पूर्वीची राखणही कारण आहे. पूर्वजांच्या कृतीतले राखणे पुढे चालू ठेवायचे आणि मारणे सोडून द्यायचे, असा हा मार्ग आहे.

महाभारतातील दोन राजे

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. आदिपर्वात पंडू राजा समागमात असलेल्या हरणांच्या जोडीवर बाण सोडतो. तो मृग म्हणजे किंदम ऋषी असतात. पंडू आपली बाजू मांडतो: हरणे मारणे हा राजांचा रिवाज आहे, अगस्त्यांनीही मृगया केली होती. थोडक्यात, तो परंपरेचा दाखला देतो. किंदमांचे उत्तर लक्षात घेण्याजोगे आहे. तू हरीण मारलेस याचा मी दोष देत नाही, असे ते म्हणतात. पण तू थोडा वेळही थांबला नाहीस, याचा देतो. म्हणजे ज्याची रीतीने मुभा आहे ते करतानाही समोरच्या जिवाची अवस्था पाहावी लागते. रिवाजाने ती जबाबदारी संपत नाही.

दुसरा राजा युधिष्ठिर. वनपर्वात मृगस्वप्नोद्भव नावाचा छोटासा भाग आहे. द्वैतवनात राहणाऱ्या युधिष्ठिराच्या स्वप्नात रात्री हरणे येतात. त्यांचे अंग थरथरत असते, डोळ्यांत अश्रू असतात. ती सांगतात की आम्ही आता थोडीच, बीजापुरतीच उरलो आहोत. तुम्ही राहण्याची जागा बदललीत तर आमचा वंश पुन्हा वाढेल. सकाळी युधिष्ठिर भावांना स्वप्न सांगतो. एक वर्ष आठ महिने आपण यांच्यावर जगत आहोत, आता यांच्यावर दया करायला हवी, असे म्हणून तो सगळ्यांना घेऊन काम्यकवनात निघून जातो.

युधिष्ठिराने शिकार कायमची सोडली, असे व्यास म्हणत नाहीत. काम्यकवनातही हरणे होती. वनवासातल्या माणसांचे पोट त्यावर अवलंबून होते. तरीही ज्यांच्या जिवावर आपण जगतो, त्यांचे म्हणणे ऐकू यावे आणि ऐकल्यावर स्वतःची सोय सोडून उठता यावे, एवढे त्याने दाखवले. धनुष्य दोघांच्याही हातात होते. पंडूला थांबता आले नाही, युधिष्ठिराला आले.

आज हरणे कोणाच्या स्वप्नात येतील?

पेरुंगुडीपासून काही किलोमीटरवर गिंडी राष्ट्रीय उद्यान आहे. हेही मूळचे शिकारीचे राखीव रान. १९१० मध्ये ते राखीव वन झाले आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान. जेमतेम २.७ चौरस किलोमीटरच्या या जंगलात, महानगराच्या मधोमध, काळवीट आणि चितळ अजून चरतात. याच जंगलाच्या एका भागावर आयआयटी मद्रास उभी आहे आणि तिच्या आवारातही हरणे दिसतात. त्यांच्यावर आज कोणी बंदूक रोखत नाही. तरीही मेलेल्या हरणांच्या पोटातून प्लास्टिकच्या पिशव्या निघाल्या आहेत. खुद्द पेरुंगुडीचा कचरा डेपो पल्लिकरणै पाणथळीच्या जागेत वाढला. २०२२ मध्ये रामसर यादीत गेलेली ही पाणथळ असंख्य पक्ष्यांचा आसरा आहे.

इथे क्षणभर थांबून स्वतःकडे पाहायला हवे. आजोबांना आपण मारलेले हरीण समोर दिसत असे. त्याच्या डोळ्यांतला विझता प्रकाश पाहूनच काही शिकाऱ्यांनी बंदूक कायमची खाली ठेवली. आपण फेकलेली पिशवी कुठे गेली आणि कोणाच्या पोटात गेली, हे आपल्याला दिसतच नाही. शिकार न करणारा प्रत्येक जण अहिंसक असतोच, असे नाही. हिंसा नजरेआड गेली की तिचा पश्चात्तापही होत नाही, आणि पश्चात्ताप नसेल तर थांबणार कसे?

मग बंदुकीचे काय करावे?

बंदूक ठेवायची असेल तर परवान्यासह, कायद्यानुसार ठेवावी. नको असेल तर रीतसर जमा करावी. दोन्हींतही आजोबांचा अनादर नाही. मुलांना मात्र पूर्ण गोष्ट सांगावी. आजोबा पहाटे अंधारात तासन् तास न हलता बसत, वाऱ्याची दिशा ओळखत, ओल्या मातीतल्या ठशांवरून कोणते जनावर किती वेळापूर्वी गेले ते सांगत. हेही सांगावे की त्या पहाटेच्या शेवटी एक जीव जात असे, आणि ती शिंगे त्याची आहेत.

तो धीर, ते निरीक्षण, ती एकाग्रता यांना लोखंडाची गरज नाही. साधक ध्यानाला बसतो तेव्हा त्याला हेच गुण लागतात. सुट्टीच्या एका सकाळी मुलांना गिंडीला न्यावे, हरणांपासून दूर, शांत उभे राहायला शिकवावे आणि येताना आपल्या हातची एकही पिशवी मागे राहू देऊ नये. आजोबांचा धीर असा नातवंडांपर्यंत पोहोचेल, आणि समोरचे हरीण निवांत चरत राहील.